कॅराव्हॅन निघाली, मुक्काम कुठे?

राहू (ता. दौंड) : घर चाकांवर घेऊन देश पाहायला निघण्याची कल्पना आता महाराष्ट्रात नवलाची राहिलेली नाही. झोपण्याची सोय, छोटे स्वयंपाकघर आणि शौचालय असलेली कॅराव्हॅन भाड्याने मिळते, काही जण ती विकत घेतात, आणि पुण्याहून निघून सोलापूर, हैदराबादमार्गे थेट पूर्व किनाऱ्यापर्यंत जाण्याचे बेत आखले जातात. या बेतांत वाहनाची चर्चा भरपूर होते. वाटेतील प्रेक्षणीय स्थळांची यादीही तयार असते. मात्र संध्याकाळी सहा वाजता ते सात-आठ मीटर लांबीचे वाहन नेमके कोणाच्या जागेत, कोणाच्या परवानगीने उभे करायचे, त्यात पाणी कुठून भरायचे आणि मैल्याची टाकी कुठे रिकामी करायची, हा प्रश्न शेवटपर्यंत अनुत्तरित राहतो. राज्याच्या कॅराव्हॅन पर्यटनाचे गाडे याच प्रश्नाशी अडले आहे. पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवरील राहूबेट हा परिसर या अडचणीचे आणि तिच्यावरील संभाव्य उपायाचेही चांगले उदाहरण ठरतो.

धोरण आले, पुढे काय?

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २००० च्या दशकाच्या अखेरीसच कॅराव्हॅन आणि त्यांच्यासाठीच्या तळांबाबत धोरण मांडले होते. महाराष्ट्राने आपले स्वतंत्र कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आणले. करोनाच्या साथीमुळे हॉटेलांपासून दूर राहून कुटुंबापुरता प्रवास करण्याकडे कल वाढला होता, ही त्यामागची पार्श्वभूमी होती. कॅराव्हॅनचे विविध प्रकार, त्यांतील किमान सुविधा, पर्यटन संचालनालयाकडील नोंदणी आणि खासगी किंवा सरकारी जागेत उभारायची ‘कॅराव्हॅन पार्क’ असा त्याचा आराखडा होता. जिथे पक्के बांधकाम करता येत नाही, अशा निसर्गरम्य ठिकाणीही पर्यटकांना राहता यावे, हा त्यातील महत्त्वाचा विचार. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केरळने ‘केरवान केरळ’ योजना जाहीर केली आणि वागमण येथे पहिले पार्क उभे केले.

वाहनाच्या बाजूने नियमांची चौकट बऱ्यापैकी स्पष्ट आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र तांत्रिक मानक आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार करता येणार नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या संदर्भात दिला. त्यामुळे जुनी मिनीबस घेऊन ओळखीच्या गॅरेजमध्ये तिचे घर करून घेणाऱ्यांना नोंदणीची आणि विम्याची अडचण येऊ शकते. वाहनाबाबत असे नियम, मानके आणि निवाडे आहेत. मुक्कामाच्या बाबतीत मात्र बहुतेक कॅराव्हॅनधारक हॉटेलांची आवारे, पेट्रोलपंप आणि ओळखीच्यांची अंगणे यांवरच विसंबून असतात.

दोन महामार्गांच्या मधले बेट

मुळा-मुठा पुण्यातून निघून थेऊर, उरुळीच्या बाजूने पूर्वेला येते. भीमा उत्तरेकडून कोरेगाव भीमा, तुळापूर परिसर ओलांडून खाली उतरते. दौंड तालुक्यातील वाळकी आणि पलीकडे शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस यांच्या दरम्यान या दोन्ही नद्यांचा संगम होतो. संगमाच्या अलीकडे, दोन्ही पात्रांच्या बेचक्यात सापडलेला सुपीक पट्टा म्हणजे राहूबेट. राहू हे त्यातील मोठे गाव. दक्षिणेला यवतजवळून पुणे-सोलापूर महामार्ग जातो, उत्तरेला पुणे-अहिल्यानगर महामार्ग. वाघोलीकडूनही राहूला रस्ता येतो. कोणत्याही महामार्गावर नसलेले, तरीही दोन्हींपासून फार दूर नसलेले असे हे गाव आहे.

सहलीच्या दृष्टीने नकाशा पाहिला तर या स्थानाचे महत्त्व लक्षात येते. अष्टविनायकांपैकी थेऊर पश्चिमेला, रांजणगाव उत्तरेला, मोरगाव दक्षिणेला आणि सिद्धटेक पूर्वेला, अशी चार स्थाने या पट्ट्याभोवती विखुरलेली आहेत. (रांजणगाव गणपती आणि संगमावरचे रांजणगाव सांडस ही दोन वेगळी गावे होत.) यवतच्या दक्षिणेला डोंगरावर भुलेश्वराचे यादवकालीन कोरीव मंदिर आहे. सुप्याजवळ चिंकारा हरणांसाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य आहे. सोलापूर रस्त्याने पुढे गेल्यास पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर भिगवण येथे उजनीचा फुगवटा लागतो आणि हिवाळ्यात तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे वन विभागाने गवताळ प्रदेशाची सफारीही सुरू केली आहे.

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांसाठी आणखी एक व्यावहारिक मुद्दा आहे. अनुभवी मोटारहोमधारक पहिला मुक्काम घरापासून जवळच करतात. पाण्याचा पंप गळतो का, गॅसची शेगडी नीट पेटते का, रात्री बॅटरी पुरते का, हे पहिल्या रात्रीच कळते आणि काही बिघडले तर परत फिरणे सोपे जाते. पुण्यातून मछलीपट्टणमपर्यंत जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६५ वर निघालेल्या कुटुंबाला असा पहिला मुक्काम हवा असेल, तर तो याच पट्ट्यात पडतो.

दृश्य ऋतूप्रमाणे बदलते

थांब्यांची आखणी करताना सर्वसाधारण चूक होते ती छायाचित्र पाहून ठिकाण निवडण्याची. भीमेच्या खोऱ्यातील प्रत्येक दृश्याला स्वतःचे पंचांग आहे. भिगवणचे पक्षी हिवाळ्यातले. उजनीचे पाणी ओसरल्यावर पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, ते उन्हाळ्यातले. मयूरेश्वरच्या परिसरातील माळ पावसाळ्यानंतर काही आठवडे हिरवा असतो, पुढे पिवळा पडतो आणि मार्चनंतर करपतो. संगमाचे पात्र जुलै ते सप्टेंबर या काळात भरलेले आणि देखणे दिसते. परंतु खडकवासला साखळीतील धरणांतून विसर्ग वाढला की हेच पाणी काही तासांत काठावर चढते. त्या महिन्यांत नदीकाठी रात्रीचा तळ टाकणे म्हणजे धोक्याला निमंत्रण होय.

निसर्गरम्य जागा आणि सुरक्षित जागा यांतील अंतर महाराष्ट्राने अलीकडे दोनदा मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणे लोकांनी स्वतःहून शोधलेली होती. लोक तिथे पोहोचले, व्यवस्था मात्र पोहोचली नाही. कॅराव्हॅनच्या बाबतीत हा धोका दुप्पट असतो, कारण इथे पर्यटक दोन तासांत परतत नाही, रात्रभर राहतो.

रस्त्याचाही विचार हवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऊसतोडीचा हंगाम असतो. त्या काळात राहूबेटातील अरुंद रस्त्यांवर उसाच्या दुहेरी ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात आणि त्यांपैकी अनेकांना मागे दिवा किंवा परावर्तक नसतो. कालव्यांवरचे छोटे पूल, खाली आलेल्या विजेच्या तारा आणि बाभळीच्या फांद्या जवळजवळ तीन मीटर उंचीच्या वाहनासाठी अडचणीच्या ठरतात. दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटरपेक्षा अधिक अंतर न कापणे आणि उजेड असतानाच मुक्कामी पोहोचणे हा नियम म्हणूनच पाळायला हवा.

टाकी रिकामी कुठे करायची?

सहलीच्या माहितीपत्रकांत सहसा न येणारा विषय मैल्याचा आहे. मोटारहोममध्ये साधारणतः तीन साठे असतात : स्वच्छ पाणी, न्हाणी-भांड्यांचे सांडपाणी आणि शौचालयाचा मैला. कॅसेट पद्धतीच्या शौचालयाची टाकी सुमारे वीस लिटरची असते. चौघांच्या कुटुंबाला ती दोन-तीन दिवसांत रिकामी करावीच लागते. परदेशात त्यासाठी ठरावीक जागा असतात. आपल्याकडे ती सोय नसल्याने अंधारात ओढ्याकाठी टाकी उलटी करणे हाच सोपा मार्ग उरतो. दुर्गंधी रोखणारी रसायने मैल्यात मिसळलेली असतील, तर तो घरगुती शोषखड्ड्यात किंवा गोबरगॅसच्या टाकीत टाकणेही योग्य नाही, कारण तेथील उपयुक्त जिवाणू त्या रसायनांनी मरतात.

राहूबेटाला या बाबतीत आणखी भार सोसवणारा नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून याच भागात येते. नदीवर पसरणारी जलपर्णी, पाण्याचा फेस आणि वास यांविषयी काठच्या गावांची तक्रार जुनी आहे. मुंढवा जॅकवेलमधून प्रक्रिया केलेले पाणी जुन्या कालव्यात सोडून ते हवेली-दौंडच्या शेतीला देण्याची योजना आहे आणि त्या पाण्याच्या दर्जावरूनही वाद होत राहतात. शहराची घाण वर्षानुवर्षे वाहून नेणाऱ्या गावाकडे त्याच शहरातील माणूस ‘निसर्गरम्य थांबा’ म्हणून येणार असेल आणि जाताना आपली टाकी तिथेच रिकामी करणार असेल, तर गावकऱ्यांनी त्याचे स्वागत का करावे, हा प्रश्न गैरलागू म्हणता येणार नाही.

न्यूझीलंडचा अनुभव येथे बोलका आहे. तेथे कुठेही गाडी लावून राहण्याची मुभा लोकप्रिय होती. घाणीच्या तक्रारी वाढल्यावर २०११ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. तोही अपुरा ठरल्याने २०२३ मध्ये नियम आणखी कडक करून, स्वयंपूर्ण वाहन म्हणून प्रमाणपत्र हवे असेल तर वाहनात कायमस्वरूपी बसवलेले शौचालय बंधनकारक करण्यात आले. विरळ वस्तीच्या देशाला जे करावे लागले, ते दाट वस्तीच्या पुणे जिल्ह्याला टाळता येणार नाही.

उसातील रात्र

राहूबेटातील दुसरा प्रश्न बिबट्याचा. जुन्नर, आंबेगाव, शिरूर आणि आता दौंडच्याही पट्ट्यात बिबट्याने उसालाच घर मानले आहे. उसाच्या फडात त्याला आडोसा, पाणी आणि कुत्री-शेळ्यांसारखे भक्ष्य मिळते. मादी तिथेच पिल्लांना जन्म देते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात सुमारे तीन आठवड्यांत तिघांचा बळी गेला. त्यांत दोन मुले होती. संतप्त ग्रामस्थांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. शेतीपंपांना दिवसा वीज द्या, ही मागणी त्यानंतर अधिक तीव्र झाली, कारण रात्री पाणी द्यायला शेतात जावे लागणे म्हणजे जीव मुठीत धरणे होते.

अशा भागात उसाच्या बांधाला कॅराव्हॅन लावून बाहेर चुलीवर जेवण करणे, उरलेले अन्न बाहेर टाकणे, लहान मुलांना अंधारात खेळू देणे हे सारे धोक्याचे आहे. वाहनाच्या आत मनुष्य सुरक्षित असतो. धोका बाहेरच्या त्या दोन-तीन तासांत असतो. त्यामुळे मुक्कामाची जागा उसापासून दूर, मोकळी, उजेडाची, शक्य तर वस्तीला लागून असली पाहिजे. नकाशावरील सर्वांत एकाकी बिंदू शोधण्याची शहरी हौस या पट्ट्यात चालणारी नाही.

मुक्कामाचे शास्त्र ठाऊक आहे

हे सारे नवे आणि अवघड वाटत असले, तरी प्रवासातील मुक्कामाचे शास्त्र या प्रदेशाला अनोळखी नाही. संत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड या मुक्कामांनी दरवर्षी याच रस्त्याने पंढरपूरला जाते. विसावा कुठे, दुपारचे जेवण कुठे, मुक्काम कुठे, पाण्याचे टँकर कुठे, हे आधीच ठरलेले असते आणि यजमान गाव त्याची तयारी करते. यवतकरांची पिठलं-भाकरी हा त्या आतिथ्याचा सर्वपरिचित भाग. मार्गावर फिरती शौचालये पुरवणाऱ्या ‘निर्मल वारी’ उपक्रमाने एक जुना, संकोचाने टाळलेला प्रश्नही उघडपणे हाताळला. विसावा आणि मुक्काम यांतील फरक, यजमानाची संमती आणि स्वच्छतेची आधीची तजवीज या तीन गोष्टी वारीने सिद्ध केल्या आहेत. कॅराव्हॅन धोरणाने परदेशी पार्कांच्या चित्रांइतकेच लक्ष याकडे दिले असते, तर बरे झाले असते.

शेतावरचा थांबा

मोठे भांडवल ओतून मोजकी आलिशान पार्क उभारण्यापेक्षा शेतावरील छोट्या थांब्यांचे जाळे विणणे राहूबेटासारख्या भागाला अधिक मानवणारे आहे. फ्रान्समध्ये १९९० च्या दशकापासून द्राक्षबागायतदार आणि शेतकरी यांचे असे जाळे चालते. शेतकरी आपल्या आवारात दोन-चार गाड्यांना एका रात्रीपुरती जागा देतो, वाहनात शौचालय असणे बंधनकारक असते, आणि पाहुणा बहुधा जाताना शेतमाल विकत घेतो. महाराष्ट्रात याला पोषक पाया आहे. बारामती परिसरात २००० च्या दशकापासूनच कृषी पर्यटनाचे प्रयोग झाले, शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली त्यातून नावारूपाला आली, आणि राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. नोंदणीकृत कृषी पर्यटन केंद्राच्या आवारात दोन कॅराव्हॅन उभ्या राहण्यासाठी सपाट मुरमाची जागा, पिण्याच्या पाण्याचा नळ, शेतीपंपापासून वेगळी वीजजोडणी आणि झाकणबंद मैलाकुंडी एवढीच भर हवी. कुंडीतील मैला उपसून प्रक्रिया केंद्रापर्यंत नेण्याचे काम तालुका पातळीवर ठरवून देता येईल.

राहूबेटाकडे दाखवण्यासारखे आहे ते गुऱ्हाळ. चुलवणाचा जाळ, काहिलीत उकळणारा रस, वर येणारी मळी काढण्याची लगबग आणि शेवटी साच्यात पडणारा गूळ, हा तासाभराचा कार्यक्रम कोणत्याही ‘व्ह्यू पॉइंट’पेक्षा अधिक काळ लक्षात राहतो. मात्र याच दौंड तालुक्यातील काही गुऱ्हाळांवर जळण म्हणून प्लॅस्टिक आणि रबराचा कचरा वापरला जात असल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत. काळा धूर ओकणाऱ्या चुलवणाजवळ कोणी मुक्कामाला राहणार नाही. पाचट आणि चिपाडावर चालणाऱ्या, स्वच्छ गुऱ्हाळांनाच थांब्यांच्या यादीत स्थान दिले, तर पर्यटन हे सुधारणेचे निमित्तही ठरू शकते.

निर्णय गावाचा हवा

याच हंगामात बीड, अहिल्यानगरसारख्या जिल्ह्यांतून हजारो ऊसतोड कुटुंबे बैलगाडी किंवा ट्रॅक्टरवर संसार लादून या पट्ट्यात येतात आणि फडाजवळ कोपी घालून राहतात. प्रवासी घराचा हा मूळ, सर्वांत खडतर प्रकार होय. त्यांच्या तळावर पाणी, दिवा आणि शौचालय यांची वानवा असते आणि बिबट्याचे पहिले भक्ष्य होण्याची भीतीही त्यांच्याच मुलांना अधिक असते. कॅराव्हॅनसाठी नळ, दिवे आणि मैलाकुंडी आली, पण शेजारच्या कोप्यांपर्यंत ती पोहोचली नाही, तर ती सुविधा गावाला आणि सरकारला शोभा देणारी ठरणार नाही. ग्रामपंचायतीने दोन्हींचा विचार एकत्र केल्यास खर्चात फार मोठा फरक पडणार नाही.

म्हणूनच थांबा कुठे असावा, वर्षातील कोणते महिने तो बंद असावा, एका रात्री किती गाड्या घ्याव्यात, याचा निर्णय ग्रामसभेत व्हायला हवा. यात्रेकरूंवर कर बसवण्याची तरतूद ग्रामपंचायत अधिनियमात १९५८ पासून आहे. त्याच धर्तीवर मुक्कामामागे छोटी रक्कम गावाला मिळाली, तर स्वच्छतेचा खर्च निघेल आणि पाहुण्याला गावाचा विरोधही राहणार नाही. पर्यटन संचालनालयाने नोंदणी, तपासणी आणि संमती मिळालेल्या थांब्यांचा विश्वासार्ह नकाशा एवढे तीनच विषय आपल्याकडे ठेवावेत.

प्रवाशांच्या बाजूनेही शिस्त अपेक्षित आहे. आधी कळवून येणे, उजेडात पोहोचणे, जनरेटर रात्री बंद ठेवणे, कचरा आणि मैला ठरलेल्या जागीच टाकणे आणि गावातून काही तरी विकत घेऊन निघणे, एवढे पाळले तरी पुरे. राज्याने जुलै २०२४ मध्ये नवे पर्यटन धोरण मंजूर करताना गुंतवणूक आणि रोजगार यांची मोठी उद्दिष्टे समोर ठेवली. त्या आकड्यांतील काही भाग राहूसारख्या गावांच्या वाट्याला यायचा असेल, तर सुरुवात एका सपाट जागेपासून, एका नळापासून आणि एका मैलाकुंडीपासून करावी लागेल. तेवढे झाले, की संगमावरचा सूर्यास्त पाहायला लोक आपोआप येतील.